तरंगणारा मासा

थंडी ओसरताना धरणात मासे कुठे सापडतात, असं विचारलं तर बहुतेक जण खोल पाण्याकडे बोट दाखवतात. आमचे भाईजान उथळ काठ दाखवतात.

यंदा रमजानच्या आधीच्या रविवारी त्यांच्यासोबत सोयगावजवळच्या वेताळवाडी धरणावर गेलो. माझा नववीतला मुलगाही होता. रात्री मामूंकडचे आठ जण जेवायला येणार होते आणि ‘सालनचे मासे मी आणतो,’ असं त्याने अम्मीला सांगून ठेवलं होतं.

पहाटे जायची त्याची घाई होती. भाईजान म्हणाले, “बेटा, आपल्याला झोप प्यारी, तशी माशाला ऊब.” या दिवसांत रात्री गार असतात, खोल पाणी लवकर तापत नाही. म्हणून सकाळचं ऊन आधी पडतं तो काठ शोधायचा आणि दहाच्या पुढेच गळ टाकायचा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे वरचं कोमट पाणी आणि बारीक खाणं ढकललं जातं, तिथेही पाहायचं. पाण्यात बुडालेली बाभूळ दिसली तर उत्तमच. आणखी एक गोष्ट. अशा तलावांतली मासेमारी बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय भाईजान काठी उघडत नाहीत.

काठाला पोहोचतो न पोहोचतो तोच मुलगा ओरडला, “बडे अब्बा, इकडे या!” सात-आठ मासे पोट वर करून तरंगत होते. तो पिशवी उघडून मोकळा. पाहुण्यांची सोयच झाली होती.

भाईजानांनी पिशवी बंद करायला लावली. मासा हलाल व्हायला जबह लागत नाही. पाण्यातली शिकार हलाल असल्याचं सूरह माइदाच्या 96 व्या आयतीत आलं आहे. पण आपोआप मरून उलटा तरंगणारा मासा आम्ही हनफी खात नाही. कोकणातल्या शाफई भावांकडे तो चालतो, त्यावर वाद घालायचं कारण नाही. मात्र कल्ले उघडून दाखवत भाईजान म्हणाले, “लाल असायला हवेत, हे राखाडी पडलेत. पाण्यात कुणी औषध टाकलं असेल तर? मसलक कोणताही असो, हा मासा पाहुण्याच्या ताटात वाढशील का?” मुलगा गप्प झाला. खरं सांगायचं तर मीही मनात सालन शिजवलंच होतं.

मग गळ टाकले. काठाशी ताटलीएवढे गोल खळगे दिसत होते, ते चिलापीचे. हा मूळचा आफ्रिकेचा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. पाणी तापू लागलं की नर असे खळगे करतो आणि राखतो. मादी अंडी तोंडात धरून फिरते, त्या काळात ती फारसं खात नाही. म्हणून खळग्यावर गळाला लागतो तो बहुधा नरच. तोंड लहान, तेव्हा गळ बारीक हवा. गांडुळाचा तुकडाही बोटाच्या पेरापेक्षा छोटा. तरंग बुडायची वाट न पाहता नुसता सरकला तरी ओढायचं, हे मुलाला चार मासे निसटल्यावर कळलं.

जोहरच्या अजानपर्यंत पाच मिळाले. चिलापीला चिखलाचा वास असतो, म्हणून मीठ-हळद लावून, चिंचेच्या पाण्यात ठेवून धुतले. आठ पाहुणे, पाच मासे. अम्मीने रश्शात बटाटे घातले आणि मुलाने तरंगणाऱ्या माशांची गोष्ट दस्तरखानावर दोनदा सांगितली.