कोयता, उचल आणि पाटी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावे ओस पडू लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, ती मार्च-एप्रिलनंतरच परततात. बीड जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा ताळेबंद मुकादमाच्या वहीत लिहिलेला असतो, असे आम्हांस वाटते.

या व्यवस्थेत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. हंगामापूर्वी उचल घ्यावयाची, ती टनामागील मजुरीतून फेडावयाची आणि न फिटल्यास पुढील वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावयाचे. एक दिवस खाडा झाला तरी दंड. या खाड्याच्या भीतीने किती स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतले, हे २०१९ मध्ये साऱ्या राज्यासमोर आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. ही वाढ न्याय्यच होय. परंतु उचल आधी व काम नंतर हा क्रम कायम असेतो वाढीव दरही कर्जातच जिरणार.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरील निबंधात मूळ दुखण्यावर बोट ठेवले होते. शेतीत भांडवल थोडे आणि तिच्यावर विसंबलेली माणसे फार. म्हणून उद्योगांची वाढ हाच त्यांनी उपाय सांगितला. कोरडवाहू तुकड्यावर वर्ष न निघणाऱ्या आमच्या जिल्ह्याला ते निदान आजही लागू पडते.

निवासी शाळांमुळे स्थलांतर अधिकच सोयीचे होते, असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच निराधार नाही. मुले सांभाळली जातात, कोयता निर्धास्त निघतो आणि कारखान्याचा हंगाम सुरळीत चालतो. तथापि शाळा नसेल तर तेच मूल फडावर वाढे गोळा करील आणि मुलीचे लग्न लवकर लावून नवा कोयता उभा केला जाईल. म्हणून वसतिगृह हवेच. मात्र त्यासोबत गावात पाणी, जवळपास उद्योग आणि उचलीचा लेखी करार यांचीही मागणी झाली पाहिजे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे. मुलीची शाळा दहावीला थांबवू नका. यंदा उचल घ्याल तेव्हा आकडा कागदावर मागा, आणि अंगठा उमटविण्यापूर्वी तो आपल्या लेकराकडून वाचून घ्या.