‘भेडिया’ पुन्हा येणार, पण यावेळी तो कुणाला चावणार?

मॅडॉक फिल्म्सने 1 जानेवारी 2025 रोजी 2028 पर्यंतच्या 8 हॉरर-कॉमेडी सिनेमांची यादी जाहीर केली. त्यात ‘भेडिया 2’ होता, तारीख 14 ऑगस्ट 2026. प्रश्न असा, की माणसाचा लांडगा होण्याच्या या गोष्टीत आता सांगण्यासारखं काय उरलंय?

आधी पहिला भाग आठवू. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या ‘भेडिया’त दिल्लीचा भास्कर (वरुण धवन) अरुणाचलच्या जंगलातून रस्ता काढायचं कंत्राट घेऊन येतो. लांडगा त्याला चावतो, तोही पार्श्वभागावर. समीक्षकांनी व्हीएफएक्स आणि अभिषेक बॅनर्जीच्या विनोदाचं कौतुक केलं. तक्रार होती ती लांबीची आणि शेवटाकडच्या पर्यावरणाच्या उपदेशाची.

उपदेश जड होता, हे खरंच. पण सिनेमाला कणा होता तो त्याचाच. गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला बसून पाहिलं तर हे जास्त पटतं. नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग 53 या पट्ट्यातून जातो. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. 2013 मध्ये ही दोन्ही जंगलं मिळून राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. इथे रस्ताही हवा आणि जंगलही हवं, त्यामुळे भास्करचं कंत्राट निव्वळ फिल्मी वाटत नाही. (लांडग्याच्या जागी वाघ घातला की झालं.)

पुढे मात्र लांडगा जंगलातून निघाला आणि पाहुणा कलाकार झाला. ‘स्त्री 2’ (2024) मध्ये तो सरकट्याशी लढायला चंदेरीत येतो. टाळ्या पडल्या, सिनेमाही तुफान चालला. 2025 च्या दिवाळीत ‘थामा’त तो पुन्हा मारामारीला हजर. यावेळी अनेक समीक्षकांचा सूर होता, की गोष्टीपेक्षा ‘युनिव्हर्स’ची जुळवाजुळवच जास्त.

गंमत म्हणजे ‘थामा’चा दिग्दर्शक आपला आदित्य सरपोतदार. त्याच्याच ‘झोंबिवली’त (2022) झोंबी कितीही अचाट वागले, तरी खाली डोंबिवलीचा पाण्याचा प्रश्न होता. म्हणून तो वेडेपणा खपला. भुताखेतांच्या सिनेमात अतिशयोक्ती चालते, चालायलाच हवी. पण लांडगा नुसताच कुणाशी तरी भिडत राहिला तर त्याची भीतीही जाते आणि हसूही.

मॅडॉकच्या यादीत होती ती नावं आणि तारखा. भास्करच्या त्या रस्त्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.