सातांपैकी उरले किती?

२९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधान सभेने मसुदा समिती नेमली. सदस्य सात. सव्वा वर्षानंतर टी. टी. कृष्णमाचारी यांनी त्या सातांचा हिशेब सभागृहापुढे मांडला: एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले, एक-दोघे दिल्लीपासून लांब. उरला भार डॉ. आंबेडकरांच्या खांद्यावर, आणि तोही खालावत्या प्रकृतीनिशी.

गंमत अशी, की हा माणूस सभेत नसताच! ते आधी बंगालमधून निवडून गेले होते. फाळणीत ती जागा गेली. बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने मुंबई प्रांतातली जागा मोकळी झाली, म्हणून ते परतले.

दुरुस्तीच्या सूचना आल्या ७,६३५. त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांवर चर्चा झाली. आज विधेयके आवाजी मतदानाने चुटकीसरशी संमत होतात, तेव्हा हा आकडा आठवून थोडी लाज वाटावी. निदान आम्हाला वाटते.

काम संपत आले तेव्हा, २५ नोव्हेंबर १९४९ ला, आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा सल्लागार बी. एन. राव यांना दिला आणि मसुदा लिहिणाऱ्या एस. एन. मुखर्जी यांनाही. दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, संविधान स्वीकारले गेले. संविधानाचे गोडवे गाणाऱ्या आपल्यापैकी कितींनी मुखर्जींचे नाव ऐकले आहे?

या अंकातले लेख नंतर वाचलेत तरी चालेल. आधी आंबेडकरांचे २५ नोव्हेंबरचे ते भाषण मिळवून सबंध वाचा.