संडास आणि कायद्याची व्याख्या

संडासाची चर्चा शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या कामाचें नांव घेण्यास आपण लाजतों, तें दुसऱ्याच्या माथीं मारण्यास मात्र आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या लाजला नाहीं. म्हणून हा विषय आम्हांस टाळवत नाहीं.

१९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगांत होते. त्यांनीं मैला-सफाईचें काम मागितलें. पण सवर्ण कैद्यास तें देतां येत नाहीं, हा नियम आडवा आला. त्यांच्या बाजूनें महात्मा गांधींनीं डिसेंबरांत आपल्या पुण्याच्याच येरवडा तुरुंगांत उपवास आरंभिला. पुढें अप्पांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत खताचा संडास सिद्ध केला. मैल्यावर माती व पालापाचोळा टाकावा, तो पुरता कुजूं द्यावा, आणि मग शेतांत घालावा. शेतकरी त्यास सोनखत म्हणतो तें उगाच नव्हे. आपल्या शेजारच्या देहूस डॉ. मापुसकर यांनीं मैल्यापासून गॅस करून हीच वाट पुढें नेली.

१९९३ च्या कायद्याचा हेतु डोक्यावरून मैला वाहण्याची अमानुष प्रथा मोडण्याचा होता. तो सर्वथा वंदनीय होय. परंतु ज्यास पाण्याचा सांपळा नाहीं तो प्रत्येक संडास ‘कोरडा’, अशी त्याची व्याख्या होती. त्यामुळें टोपलीचा संडास व बिनपाण्याचा खताचा संडास एकाच पंक्तीस बसले, आणि दोन्ही बांधणें गुन्हा ठरलें. २०१३ च्या कायद्यानें अधिक नेमका प्रश्न विचारला: मैला पूर्ण कुजण्यापूर्वीं माणसास तो हातानें उपसावा लागतो काय?

आमच्या मतें हीच खरी कसोटी. पाणी ओतल्यानें मैला नाहींसा होत नाहीं. तो गटारांत जातो, तुंबलेल्या गटारांत कोणास तरी उतरावें लागतें, आणि शुद्ध न झालेलें पाणी मुळामुठेस मिळतें. खडकवासल्याचें पिण्याजोगें पाणी आपण याच कामीं लावतों.

खताच्या संडासास मोकळीक दिल्यास जुनी प्रथा त्याच दारानें परत येईल, ही शंका रास्त आहे. म्हणून बांधकामाच्या नियमांतच दोन खण, भरलेला खण बंद ठेवण्याची मुदत व तपासणी हीं नमूद असावींत. आणि ज्याच्या घरचें खत, त्यानेंच तें काढावें.

विद्यार्थी मित्रहो, प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले, हा पाठ आपण वाचतों. पालकांस आमची विनंती ही कीं, घरचा संडास धुण्याची पाळी मुलांस व मुलींस सारखीच द्यावी. हें काम हलकें नव्हे असें ज्या पिढीस मनापासून वाटेल, तीच त्याविषयींचे कायदे नीट लिहील.