वार्धक्यातील तहान



‘तहान लागली की पितो की पाणी!’ हे वाक्य घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण अनेकदा ऐकले असेल. तरुण वयात ते बहुतांशी खरे असते. साठी-सत्तरीनंतर मात्र तहानेवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. दुसरीकडे ‘भरपूर पाणी प्या, सारे विकार पळतील’ हा सल्लाही सर्रास दिला जातो आणि वृद्धांच्या बाबतीत तोही जसाच्या तसा लागू पडत नाही. असे का, हे समजण्यासाठी शरीरातील पाण्याचा कारभार पाहणाऱ्या संप्रेरकांची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. रक्त किंचित दाट झाले, म्हणजे पाण्याच्या मानाने त्यातील क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले, तरी तेथील पेशींना ते जाणवते. मग दोन गोष्टी घडतात. एक, आपल्याला तहान लागते. दुसरी, तेथेच तयार होणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडापर्यंत पोहोचून ‘पाणी राखून ठेवा’ असा आदेश देते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या भिंतींत पाण्यासाठी खास दारे असतात. या आदेशानुसार ती उघडतात, पाणी पुन्हा रक्तात शोषले जाते आणि लघवी थोडी व गडद होते. ही दारे म्हणजे ‘ॲक्वापोरिन’ नावाची प्रथिने. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुरेसे पाणी प्यायल्यावर व्हॅसोप्रेसिन घटते, दारे मिटतात आणि जादा पाणी लघवीवाटे निघून जाते.

वय वाढते तसा या व्यवस्थेत फरक पडतो. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुण आणि निरोगी वृद्ध पुरुषांना चोवीस तास पाण्यावाचून ठेवण्यात आले होते. वृद्धांचे रक्त दाट झाले, व्हॅसोप्रेसिनही वाढले, पण तहान मात्र तरुणांच्या मानाने कमीच जाणवली. पुढे पाणी समोर ठेवल्यावरही ते थोडेच प्यायले. शिवाय संप्रेरकाचा आदेश मिळूनही त्यांच्या मूत्रपिंडांना तरुणांइतके पाणी राखता आले नाही. त्यातच साठाही आटलेला असतो. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे साठ टक्के पाणी असते, ते वार्धक्यात पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून या वयात तहानेची वाट पाहणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायला घेणे होय.

रक्तदाब सांभाळणारी संप्रेरकेही पाण्याशी जोडलेली आहेत. शरीरातील पाणी घटले की अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवते आणि मिठाबरोबर पाणीही टिकते. रक्तदाबाची अनेक औषधे याच साखळीवर काम करतात, तर ‘पाण्याची गोळी’ म्हणून ओळखली जाणारी औषधे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढतात. एरवी ती हितकारकच असतात. परंतु जुलाब, उलट्या, ताप किंवा वैशाखातील उन्हाचा तडाखा यांमुळे शरीर कोरडे पडले असता तीच औषधे रक्तदाब फार खाली आणू शकतात आणि मूत्रपिंडांवर ताण पडू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि आजारपणात न विचारता तशीच चालूही ठेवू नये.

आता दुसरी बाजू पाहू. ‘आजींचे सोडियम कमी झाले म्हणून दवाखान्यात ठेवले आहे’ हे वाक्य आज घरोघरी परिचयाचे झाले आहे. रक्तातील सोडियम साधारणपणे 135 ते 145 या मर्यादेत असते. पाण्याची गोळी, नैराश्यावरील काही औषधे, फिट्सवरील काही औषधे, तसेच फुप्फुसाचे वा मेंदूचे काही आजार यांमुळे गरज नसतानाही व्हॅसोप्रेसिनचा प्रभाव टिकून राहतो किंवा मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकता येत नाही. अशा व्यक्तीने ‘आरोग्यासाठी’ म्हणून तांब्यावर तांबे पाणी रिचवले, तर रक्त पातळ होऊन सोडियम घसरते. पहाटे उठून एका दमात लिटर-दीड लिटर पाणी पिण्याचा उषःपानाचा प्रकार म्हणूनच ज्येष्ठांनी टाळावा. सोडियम कमी आहे असे वाटून घरीच मिठाचे पाणी पाजणेही धोक्याचे आहे. आधी रक्ततपासणी करावी, उपचार त्यानंतर.

मग किती प्यावे? युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने वृद्ध स्त्रियांसाठी दिवसाला किमान 1.6 लिटर आणि वृद्ध पुरुषांसाठी किमान 2 लिटर पेयांची शिफारस केली आहे. यात चहा, दूध, ताक, सार, पेज हे सारे धरले जाते. आपल्याकडील उन्हाळ्यात घामाच्या मानाने त्यात थोडी भर घालावी लागते. हृदय दुर्बल असणाऱ्यांना, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा सोडियम कमी असणाऱ्यांना मात्र हे प्रमाण लागू नाही. त्यांनी आपले माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि ते स्वयंपाकघरात लिहून ठेवावे.

घरातला रोजचा पेला एकदा मापून पाहावा. कुणाचे फुलपात्र दीडशे मिलिलिटरचे असते, तर कुणाचा ग्लास अडीचशेचा. माप कळले की हिशेब सोपा होतो. सकाळी उठल्यावर एक पेला, न्याहारीबरोबर चहा वा दूध, औषधांसोबत एक पेला, अकराच्या सुमारास ताक, दुपारच्या जेवणाबरोबर पाणी, चार वाजता चहा, संध्याकाळी कोकम सरबत किंवा साधे पाणी आणि रात्रीच्या जेवणात पातळ आमटी किंवा मुगाचे कढण. मधुमेह असल्यास सरबत बिनसाखरेचे असावे, रक्तदाब असल्यास ताकात मीठ घालू नये.

वडीलधारी मंडळी पाणी टाळतात, त्यामागे अनेकदा न बोललेले कारण असते. रात्री लघवीला उठावे लागेल, अंधारात पाय घसरेल, मुलाला किंवा सुनेला हाक मारून उठवावे लागेल, कपडे ओले होतील. कुणाला त्रास नको म्हणून ती दुपारपासूनच घोटाघोटाने पाणी तोडत जातात. यालाही संप्रेरकाची पार्श्वभूमी आहे. तारुण्यात रात्री व्हॅसोप्रेसिन वाढते आणि लघवी कमी बनते. वार्धक्यात ही वाढ मंदावते, म्हणून रात्रीच्या खेपा वाढतात. त्यावर दिवसभर तहानलेले राहणे हा उपाय नव्हे. दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळपर्यंत घ्यावे आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास घोटभरच प्यावे. पायांना सूज येत असेल तर दुपारी पाय उंचावर ठेवून पडावे. पाण्याची गोळी कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा आणि भिंतीला आधाराची दांडी असावी. लघवी अनावर होत असेल तर तो संकोचाचा विषय मानू नये. त्यावर उपचार आहेत.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘पाणी हवे का?’ असे विचारू नका. उत्तर बहुधा ‘नको’ असेच येईल. हाताला पेलेल असा अर्धा पेला भरून हातात द्या, शक्य तर आपणही सोबत घोटभर घ्या. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला समोर ठेवलेला पेला आपला आहे हेही कधीकधी उमगत नाही. पक्षाघातानंतर पाणी पिताना ठसका लागत असेल तर आडवे असताना पाजू नका, ताठ बसवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

त्वचेला चिमटा घेऊन किंवा केवळ लघवीचा रंग पाहून वृद्धांमधील पाण्याची कमतरता खात्रीने ओळखता येत नाही. त्यापेक्षा वागण्यातील बदलाकडे लक्ष ठेवावे. कालपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज अचानक असंबद्ध बोलू लागली, गुंगीत राहू लागली, उभी राहताच तिला भोवळ आली, किंवा दिवसभरात लघवी फारच थोडी झाली, तर ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून सोडून देऊ नये. पाण्याची कमतरता आणि सोडियमची घसरण, दोन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसू शकतात आणि त्यांचे उपचार परस्परविरुद्ध असतात. म्हणून अशा वेळी अंदाजाने पाणी पाजणे किंवा तोडणे टाळून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे व सोडियमची तपासणी करून घ्यावी. वेळीच लक्ष दिल्यास ही अवस्था बहुधा सुधारते.

आज एवढे करावे. घरातील पेला मापावा, औषधांची यादी डॉक्टरांना दाखवून पाण्याचे प्रमाण विचारून घ्यावे आणि आजी-आजोबांना रात्रीच्या उठण्याची भीती वाटते का, हे आपुलकीने विचारावे. पेला अर्धाच का राहतो, याचे कारण बहुधा तेथेच सापडेल.