कर्जमाफी आणि क्षमा

वऱ्हाडात 'माफी' हा शब्द उच्चारला की प्रथम आठवते ती कर्जमाफी. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यानंतर २००८ मध्ये केंद्र सरकारची आणि २०१७ व २०१९ मध्ये राज्य सरकारची कर्जमाफी आली. ह्या योजनांनी कोणाचा भार किती हलका झाला, हा वाद अर्थशास्त्राचा व राजकारणाचा आहे आणि तो त्या क्षेत्रांतच लढला जाईल. परंतु ह्या प्रदेशातील माणसांच्या मनांवर आणखी एक ओझे आहे. ते सातबाऱ्यावर चढत नाही आणि शासनाच्या आदेशाने उतरतही नाही.

दोन सख्ख्या भावांमध्ये हातभर धुऱ्यावरून वैर सुरू होते. वाटणी करणारा बाप निघून जातो, खटला मात्र नातवांच्या हाती येतो. तारखांसाठी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या न्यायालयात हेलपाटे घालताना जो खर्च होतो, त्यात वादातील जमीन कित्येकदा विकत घेता आली असती. दुसरीकडे, ज्या घरातील कर्त्या पुरुषाने विषाचा घोट घेतला, त्या घरातील बाईपुढे याहून कठीण प्रश्न उभा राहतो. तिने दोष कोणाला द्यावा? तगादा लावणाऱ्या सावकाराला, ऐन वेळी पाठ फिरविणाऱ्या दिराला, तिला एकटीला टाकून गेलेल्या नवऱ्याला, की त्या सकाळी त्याचा चेहरा वाचता आला नाही म्हणून स्वतःलाच? सरकारी मदतीचा धनादेश वटतो. हे प्रश्न मात्र रात्री पुन्हा उशाशी येऊन बसतात.

अशा मनाला ख्रिस्ताच्या शिकवणुकीतून मिळणारा दिलासा वऱ्हाडला परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्या शिकवणुकीची भाषाच मुळी ऋणाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे काम अकोला परिसरात सुरू झाले. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. ह्या भागातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. पण त्याच्या प्रार्थनामंदिरांतून येशूने शिष्यांना शिकविलेली जी प्रार्थना म्हटली जाते, तिच्यातील एका मागणीकडे कोणत्याही कर्जबाजारी शेतकऱ्याचे लक्ष वेधले जावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक पाठात क्षमेच्या ठिकाणी ऋण सोडण्याचा उल्लेख आहे, आणि मराठी भाषांतरकारांनीही तेथे 'ऋण' हाच शब्द ठेवला. येशूच्या अरामी बोलीत तर पाप आणि कर्ज ह्या दोहोंसाठी एकच शब्द वापरला जाई. प्रार्थना करणारा देवाकडे आपल्या ऋणातून मुक्ती मागतो, आणि त्याच दमात आपल्या ऋणकोंनाही आपण सोडले असल्याचे सांगतो. घेणे आणि देणे एकाच वहीत मांडलेले आहे.

ह्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील दृष्टान्त हा हिशेब अधिक स्पष्ट करतो. एका राजाच्या सेवकाकडे दहा हजार तालांत येणे असते. त्या काळी एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे तीनशे दिवस कामाचे धरले, तर एवढे कर्ज फेडण्यास एका मजुराला दोन लाख वर्षे राबावे लागेल. राजाला दया येते आणि तो सारे कर्ज सोडून देतो. हाच सेवक बाहेर पडतो आणि आपल्याला अवघे शंभर दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. शंभर दिनार ही काही क्षुल्लक रक्कम नव्हे. तीन-चार महिन्यांचे पोट तीवर चालते. दृष्टान्ताची खोली इथेच आहे. झालेला अपराध किरकोळ होता, विसरून जा, असे येशू दुखावलेल्याला सांगत नाही. अपराध खरा आहे आणि येणेही खरे आहे. तथापि वसुलीसाठी गळ्यावर हात टाकणाऱ्याने आपल्या नावावरील थकबाकी किती होती, हे एकदा आठवावे, एवढेच त्याचे मागणे आहे.

ह्या उपदेशावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. क्षमेचा उपदेश बहुधा दुर्बळालाच केला जातो. मार खाणाऱ्या सुनेला, जमीन गिळली गेलेल्या कुळाला, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला 'सोडून दे' म्हणणे फार सोपे असते. त्यात सांगणाऱ्याचे काही जात नाही. परंतु मूळ शिकवण तशी नाही. त्याच अठराव्या अध्यायात दृष्टान्ताच्या आधी एक रीत घालून दिली आहे. भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखवावा. न ऐकल्यास एकदोन साक्षीदार न्यावेत. तरीही न ऐकल्यास गोष्ट मंडळीपुढे मांडावी. गावच्या पंचांनाही ओळखीची वाटावी अशी ही रीत आहे. अपराधाला अपराध म्हणणे ही क्षमेची पहिली पायरी ठरते. अन्याय झाकून ठेवून दिलेली क्षमा ही भीती असते, किंवा निव्वळ सोय.

शासन आणि क्षमा एकत्र नांदू शकतात, ह्याची साक्ष सातपुड्यापलीकडे सापडते. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर परिसरात गोरगरिबांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी झटणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या प्रवासात भोसकून हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली आणि त्याने अनेक वर्षे तुरुंगात काढली. राणी मारियांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन त्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे २००६ मध्ये तो सुटला. न्यायालयाने आपले काम केले. बहिणीने जे केले ते कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेरचे होते. ख्रिस्ती भगिनीने हिंदू मारेकऱ्याला आपल्या कुटुंबात घेण्यासाठी राखीचा धागा निवडावा, यातच क्षमेला स्थानिक मातीत कसे रुजता येते हे दिसते.

मराठी घरात ही शिकवण किती मुरू शकते, ह्याचे उदाहरण तर मराठी वाङ्मयातच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने ना. वा. टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले; ऋण सोडण्याची प्रार्थना ह्याच प्रवचनात आहे. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या घावाने लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या आपला आचार सांभाळीतच पतीकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'त टिळकांचा तापटपणा, अचानक घर सोडून जाणे, हाती आलेला पैसा वाटून टाकणे, यांतले काहीही त्यांनी लपविलेले नाही. तरीही त्या पुस्तकात कडवटपणाचा थेंब आढळत नाही. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, तेव्हा ते पुढे नेण्यासाठी लेखणी उचलली ती लक्ष्मीबाईंनीच. आठवण शाबूत ठेवूनही विखार गळून पडू शकतो, हे त्या बाईने कोणताही आविर्भाव न आणता दाखवून दिले.

ज्या प्रदेशात रिद्धपूरच्या महानुभावांनी अहिंसेचा आचार जपला, ज्ञानेश्वरांचे पसायदान घरोघर म्हटले जाते आणि जैन बांधव दरवर्षी एकमेकांची क्षमा मागतात, त्या प्रदेशाला क्षमा शिकविण्यासाठी दुसऱ्या कोणी यावे असे नाही. मात्र क्षमा करणाराही स्वतः माफी मिळालेला कर्जदार असतो, ही ख्रिस्ती दृष्टी दुखावलेल्या माणसाला एका अहंकारापासून वाचविते. तो क्षमा करून उंचावर चढत नाही, अपराध्याच्या शेजारी येऊन बसतो. नवऱ्याच्या जाण्याबद्दल स्वतःला दोषी मानणाऱ्या बाईला ह्याच वहीत आणखी एक आधार सापडतो. तिच्या नावावर तिने मनाशी मांडलेली बाकी सोडून देण्यास देव तिच्याहून अधिक उत्सुक आहे, असे ही शिकवण सांगते.

हा दिलासा कोणी कोणावर लादू नये. शेजाऱ्यांनी आणि उपदेशकांनी तर नाहीच. ज्याचे येणे त्यानेच ते सोडावयाचे असते, आणि त्याला वेळ लागतो. देवाला अर्पण वाहण्यास निघालेल्याला भावाचा रुसवा आठवला, तर अर्पण वेदीपाशीच ठेवून त्याने आधी समेट करून यावे, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. शेगावच्या वाटेला लागणाऱ्या वारकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढची कर्जमाफी केव्हा होईल हे मंत्रालयात ठरेल. धुऱ्यापलीकडच्या भावाला हाक मारण्यासाठी मात्र कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.