ताटातील स्नेह

संस्कृतात ‘स्नेह’ या एकाच शब्दाने माया आणि तेल-तूप या दोहोंचा बोध होतो. पणतीत घालतो तो स्नेह, आणि फराळाचे ताट पुढे करताना अंतःकरणात असतो तोही स्नेहच. म्हणूनच दिवाळीच्या ताटातील स्नेह कोणता, हा प्रश्न केवळ स्वयंपाकघराचा नव्हे, तो धर्मविचाराचाही आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 13 वा अध्याय स्नेहालाच वाहिलेला आहे. तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगून तेथे तुपाला श्रेष्ठत्व दिले आहे. त्याच ग्रंथात मांसाचेही गुणदोष वर्णिले आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र ऋतू, पचनशक्ती आणि मात्रा यांचे बंधन शास्त्रकारांनी कोठेच सोडलेले नाही.

1937 साली ‘डालडा’ आपल्याकडे आले. तेलावर हायड्रोजनची क्रिया घडवून त्याला तुपासारखे घट्ट रूप देण्याची ही युक्ती. ते स्वस्त पडे, म्हणून सामान्य गृहिणीने ते जवळ केले. तिला दोष कसा द्यावा? परंतु या क्रियेत उपजणारे ‘ट्रान्स’ मेद रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकर कोलेस्टेरॉल घटवितात, हे पुढे सिद्ध झाले. अखेर जानेवारी 2022 पासून खाद्यतेले व वनस्पती तूप यांतील त्यांचे प्रमाण 2 टक्क्यांपर्यंत सीमित करणारा नियम देशात लागू झाला.

मग जुने ते सारे सोने काय? तसेही नाही. तुपातील निम्म्याहून अधिक मेद संपृक्त असतात. नांगर धरणाऱ्या आजोबांना जे पचले, ते खुर्चीवर बसणाऱ्या नातवाला त्याच मात्रेत मानवेलच असे नाही. शिवाय ज्या भुईमुगाचे तेल आपण परंपरागत समजतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा! तीळ, करडई, जवस हे त्याहून आपले जुने सोबती. तात्पर्य, परंपरा एखाद्या पदार्थात नसते. ती विवेकात असते.

देवापुढे साजूक तुपाचे निरांजन लावावे आणि लेकरांच्या चिरोट्यांना मात्र वनस्पती तुपाचा साटा लावावा, ही विसंगती आता तरी सोडावी. दहा करंज्यांऐवजी चार करा, पण त्या निर्मळ स्नेहात करा. एकदा तळणीला वापरलेले तेल पुनःपुन्हा तापवू नका. नैवेद्याचे मोल त्याच्या राशीवर ठरत नाही. जे देवाला अर्पावे, तेच घरच्यांच्या मुखी पडावे आणि त्यांच्या अंगी लागावे, यातच सणाची सार्थकता आहे.